सतरा नंबरचं तापमान

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बियाणे कंपनीत शरयूला सगळे ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणत. वय बत्तीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, पुण्यात सहा वर्षं नोकरी झालेली. वडील मार्तंडराव जिल्हा कचेरीतून निवृत्त झाले, आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि एकुलती एक म्हणून २००२ साली ती गावी परत आली. पुण्यातल्या मैत्रिणी हळहळल्या. शरयूला मात्र इथं असं काम मिळालं, की पुण्यात ते तिच्या हाती कुणी दिलं नसतं.

कंपनीत मक्याचं बियाणं वाळवायचा मोठा ड्रायर होता. शेतातून कणसं ओली यायची, ती सोळा बिनमध्ये भरायची आणि खालून गरम हवा सोडायची. काम दिसायला सोपं, पण त्यात एक मेख होती. हवा त्रेचाळीस अंशांच्या वर गेली की दाण्यातला कोंब मरतो. दाणा दिसायला तसाच राहतो, टपोरा, पिवळाधमक. पण पेरला तर उगवत नाही. म्हणून प्रत्येक बिनमध्ये तापमान मोजणारा एकेक सेन्सर बसवलेला होता. सतरावा सेन्सर होता मुख्य नळात. त्या नळाला कामगार ‘बोगदा’ म्हणत. भट्टीतून निघालेली हवा आधी बोगद्यात यायची आणि तिथं ती छप्पन्न-सत्तावन्न अंशांवर असायचीच. पुढे झडपा कमी-जास्त करून तिच्यात गार हवा मिसळायची आणि मगच ती बिनमध्ये जायची.

सतराही सेन्सरच्या तारा काचेच्या केबिनमधल्या एका कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. त्यावर लिनक्स चालायचं. सेन्सरचे आकडे वाचून पुढे देणारा ड्रायव्हर शरयूनं स्वतः लिहिला होता. असा ड्रायव्हर साध्या प्रोग्रॅमसारखा वरवर बसत नाही. तो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसतो. तिथं काही चुकलं तर वर काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

जानेवारी २००४ मध्ये कंपनीच्या शेठनी नवं मशीन घेऊन दिलं, दोन प्रोसेसरचं. एकाच वेळी दोघं जण कामाला लागावेत तसं ते मशीन. जुन्या ड्रायव्हरमध्ये आकड्यांची जोडी जुळवायला एकच कप्पा होता. आधी त्यात बिनचा नंबर लिहायचा, मग त्या बिनचं तापमान, आणि जोडी झाली की पुढे पाठवायची. दोन्ही प्रोसेसर एकदम त्या कप्प्यात शिरू नयेत म्हणून त्याला कुलूप होतं. एक लिहीत असला की दुसरा ताटकळायचा. शरयूनं ते कुलूप काढून टाकलं आणि प्रत्येक प्रोसेसरला त्याचा त्याचा कप्पा करून दिला. आता कुणी कुणासाठी थांबायचं कारण उरलं नाही. त्याच सुमारास कर्नलची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात एक सोय होती. गाभ्यात चालू असलेलं कामही मध्येच थांबवून तातडीचं काम आधी उरकता यायचं, आणि थांबवलेलं काम पुढे ज्या प्रोसेसरला सवड असेल त्याच्याकडे जायचं. शरयूनं तीही सुरू केली. आधी अडखळणारा पडदा आता सरसर हलायला लागला. प्लँट मॅनेजर गिरिधरराव इतके खूश झाले, की त्यांनी केबिनमध्ये पेढे आणून वाटले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते सगळं अंगाशी आलं.

मशीन रोज सकाळी एक अहवाल छापायचं. प्रत्येक बिनपुढे एकच आकडा, आदल्या दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान. गिरिधररावांनीच तसा मागितला होता. “मला पानंच्या पानं नकोत, एका नजरेत कळलं पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. त्या सकाळी चार नंबरच्या बिनपुढे छापून आलं, ५६.२.

आदल्या दिवशी ड्रायरवर कचरू होता.

कचरू पन्नाशीचा, भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचा. कंपनीत चौदा वर्षं झालेली. पाच दिवस कंपनीच्या खोलीत राहायचा, दोन दिवस घरी जायचा. बोलणं मोजकं. झडपेचं चाक फिरवलं की बिनच्या पत्र्यावर पंजा टेकवून उभा राहायचा, मग मान हलवून पुढच्या बिनकडे जायचा. शरयू त्याला मामा म्हणायची.

गिरिधररावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. शरयू तिथंच बसलेली होती.

“कचरू, काल दुपारी कुठं होतास?”

“ड्रायरवरच व्हतो साहेब. तीनच्या टायमाला पंधरा मिन्टं भाईर गेल्तो. पोरीला सासरी जायचं व्हतं, तिला फाट्यावर गाडीत बसवून आलो.”

“कुणाला सांगून गेलास?”

कचरू म्हणाला, “न्हाई सांगितलं. पण झडपा बराबर लावून गेल्तो.”

गिरिधररावांनी अहवाल त्याच्यापुढे सरकवला. कचरूला वाचता यायचं. त्यानं आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“छप्पन? साहेब, म्या आलो तवा पत्र्याला हात लावला व्हता. गरम न्हवता वो.”

“हाताचं काय घेऊन बसलास! मशीन खोटं बोलतं का?” गिरिधरराव शरयूकडे वळले. “मॅडम, हा आकडा बरोबर आहे ना?”

नंतर शरयूला हा प्रश्न किती वेळा आठवला असेल, त्याला गणती नाही. त्या क्षणी मात्र तिला त्यात प्रश्नासारखं काही दिसलंच नाही. सेन्सर मागच्याच महिन्यात तपासलेले होते. मशीन नवं होतं. ड्रायव्हर तिचा स्वतःचा होता.

“हो सर,” ती म्हणाली. “मशीननं नोंदवलेलाच आकडा आहे.”

“मग तेवढी सही करा खाली. शेठना पाठवायचं आहे.”

तिनं सही केली. कचरूनं तिला ती करताना पाहिलं. त्यानं हुज्जत घातली नाही, आवाज चढवला नाही. टोपी काढून हातात धरली आणि हळूच म्हणाला, “मशीन म्हनतंय म्हंजे आसंल. माझ्याच हातून ऱ्हायलं आसंल काही.”

गिरिधरराव मनानं वाईट नव्हते. पण आदल्या हंगामात एका वाणाची उगवण कमी भरली होती आणि तीर्थपुरीचे शेतकरी ट्रॅक्टर भरभरून कंपनीच्या दारात आले होते. दिवसभर त्यांच्यामध्ये उभं राहून गिरिधररावांनी ऐकून घेतलं होतं. त्या दिवसापासून तापमानाचा विषय निघाला की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी कचरूला घरी जायला सांगितलं, पुढचं शेठ ठरवतील म्हणाले. चार नंबरच्या बिनला लाल चिठ्ठी लागली. मेलेल्या बियाण्याची चाचणी कोण करतं? तो माल कोंबड्यांच्या खाद्याला द्यायचा ठरला आणि पोल्ट्रीवाल्याच्या गाडीचा दिवसही ठरला.

आठव्या दिवशी सकाळी वॉचमनचा फोन केबिनमध्ये आला. “मॅडम, एक बाई आल्यात. सही केलेल्या मॅडमलाच भेटायचं म्हनून राह्यल्या. जायला तयार न्हाईत.”

शरयू गेटवर गेली. नऊवारी नेसलेली, उन्हानं रापलेली एक बाई कडुनिंबाखाली बसली होती. मांडीवर स्टीलचा मोठा डबा. शरयूला पाहून ती उठली.

“तुमीच का कागदावर सही केली त्या?”

“हो. आपण?”

“मी नंदाबाई. कचरूची मालकीन.” तिनं डबा पुढे केला. “हे बघा आन् मला सांगा.”

डब्यात गोणपाटाची एक ओली गुंडाळी होती. नंदाबाईनं ती जमिनीवर ठेवून हलक्या हातानं उलगडली. आत मक्याचे दाणे ओळीनं मांडलेले, दहा-दहाच्या दहा ओळी. जवळजवळ प्रत्येक दाण्यातून पांढरं मूळ खाली आणि हिरवट कोंब वर निघाला होता. गुंडाळीतून ओल्या मातीसारखा वास आला.

“चार नंबरचे हायेत,” नंदाबाई म्हणाली. “साहेबानं घरी जा म्हनल्यावर त्यांनी जाताना त्या बिनच्या पार तळातली दोन कनसं पिशवीत टाकली. तळालाच हवा जादा गरम ऱ्हाती म्हनं. चोरीच म्हना, मी न्हाई म्हनत न्हाई. घरी येऊन शंभर दाने मोजून गोनपाटात बांधले. चार दिवस त्या मान्सानं भाकर धड खाल्ली न्हाई. सारखा उठून पानी शिपडायचा. म्हनायचा, माझ्या हातून जीव गेला का न्हाई ते मला कळू दे.”

“मग?”

“मंग काय, बघा ना. चौऱ्यान्नव उगले. सहाच न्हाई उगले.” नंदाबाईनं न उगवलेले सहा दाणे बोटानं दाखवले. “हे बघून खूश व्हायचं सोडून तो मानूस भिंतीला टेकून बसला. बोलतच न्हाई. म्हनलं, कंपनीत दाखवा, तर नको म्हनतो. मी न सांगता आले, पयल्या यष्टीनं. मॅडम, छपन डिगरीत भाजलेला दाना उगतो का?”

शरयूनं गुंडाळीकडे पाहिलं. मका तिला शेतकऱ्याइतका कळत नव्हता, पण एवढं तिलाही ठाऊक होतं.

“नाही उगत,” ती म्हणाली.

तिनं नंदाबाईला आत नेलं, कँटीनमध्ये बसवून पोहे आणि चहा सांगितला आणि केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं. ज्या दिवशी सही केली त्या दिवशी जे करायला हवं होतं ते तिनं आता केलं. अहवाल बाजूला ठेवला आणि त्याच्या मागची दर दहा सेकंदांची मूळ नोंद उघडली.

तीन वाजून तेरा मिनिटं पन्नास सेकंद, बिन चार, ३९.८. तीन चौदा, बिन चार, ५६.२. तीन चौदा आणि दहा सेकंद, बिन चार, ३९.९.

कित्येक टन कणसांनी भरलेला बिन दहा सेकंदांत सोळा अंशांनी तापेल आणि पुढच्या दहा सेकंदांत तेवढाच गार होईल, हे कुणा शाळकरी मुलीलाही पटलं नसतं. तिनं तेव्हा ही तीन ओळींची नोंद पाहिली असती तर सही केलीच नसती. तिनं पाहिली नव्हती.

मग छप्पन आलं कुठून? हा आकडा तिच्या ओळखीचा होता. कारखान्यात छप्पन अंश एकाच ठिकाणी असतात, बोगद्यात. तिनं सतरा नंबरची त्याच वेळची नोंद शोधली. तीन तेरा पन्नासला होती, ५६.१. तीन चौदा दहाला होती, ५६.२. मधली, तीन चौदाची, नव्हतीच.

सतराचं तापमान चारच्या नावावर पडलं होतं.

तारा अदलाबदल झाल्या असत्या तर घोळ कायमचा झाला असता, एका क्षणापुरता नाही. सेन्सर बिघडला असता तर आकडा कुठलाही आला असता, नेमका बोगद्याचा आला नसता. उरला ड्रायव्हर. शरयूनं स्वतःचा कोड पडद्यावर आणला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागली. जानेवारीपासून तिनं तो कितीदा वाचला होता आणि दर वेळी स्वतःवर खूश झाली होती.

एका ओळीत तो विचारत होता, मी आत्ता कुठल्या प्रोसेसरवर आहे? त्याच्या कप्प्यात तो बिनचा नंबर लिहीत होता. मग सेन्सरकडून आकडा यायला क्षणाचा अगदी बारीकसा तुकडा जायचा. आकडा आला की पुन्हा तोच प्रश्न, मी कुठल्या प्रोसेसरवर आहे? आणि त्याच्या कप्प्यात तापमान. दोन्ही वेळा उत्तर एकच येणार, हे तिनं गृहीत धरलं होतं. जुन्या कर्नलमध्ये ते तसंच यायचं. पण नवी सोय तिनंच सुरू केली होती. त्या बारीकशा तुकड्यात काम थांबवलं गेलं आणि दुसऱ्या प्रोसेसरकडे दिलं गेलं, तर नंबर पहिल्याच्या कप्प्यात आणि तापमान दुसऱ्याच्या. दुसऱ्याच्या कप्प्यात तेव्हा आधीचा कुठला तरी नंबर पडलेला असायचा. त्या दुपारी तो चार होता.

खात्री करायला तिनं सेन्सर बाजूला काढून ड्रायव्हरला खोटे आकडे पुरवले. एक नंबरला एकशे एक, दोन नंबरला एकशे दोन, असे सतरापर्यंत. म्हणजे कुणाचं कुणाला गेलं ते लगेच दिसावं. मग मशीनवर मुद्दाम कामाचा बोजा टाकला आणि वाट पाहत बसली. पहिली वीस मिनिटं सगळं जिथल्या तिथं. तिला वाटलं, आपलं चुकतंय. पंचविसाव्या मिनिटाला अकरा नंबरपुढे एकशे सहा आलं. तासाभरात असे पाच घोटाळे झाले.

म्हणजे हे जानेवारीपासून चालू होतं. सहाचे एकोणचाळीस अकराच्या नावावर गेले तर कुणाच्या लक्षात येणार? सगळेच बिन चाळिशीच्या आसपास. लक्षात येणार तेव्हाच, जेव्हा बोगद्याचा आकडा एखाद्या बिनवर पडेल. तो पडला, आणि कचरू घरी गेला.

दुरुस्ती जेमतेम पाच-सहा ओळींची निघाली. आधी तापमान आणायचं, मगच कप्पा उघडायचा. उघडताना कर्नलला सांगायचं, की मी बंद करेपर्यंत मला इथून हलवू नकोस. नंबर आणि तापमान दोन्ही एका दमात लिहायचं आणि लगेच मोकळं करायचं. कर्नलमध्ये त्यासाठी तयार शब्द होते. माहितीच्या फाइलमध्ये ते लिहून ठेवलेले होते. शरयूनं ती फाइल चाळली होती, वाचली नव्हती. नवा ड्रायव्हर चढवून तिनं चार तास तीच चाचणी चालवली. एकही आकडा हलला नाही. मधल्या वेळात तिनं नंदाबाईला दुपारच्या गाडीत बसवून दिलं. “चूक मामांची नाही, माझी आहे. मी येते घरी,” एवढंच तिला म्हणता आलं. नंदाबाईनं गुंडाळी तिच्या हाती ठेवली.

संध्याकाळी पाचला ती गिरिधररावांसमोर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांना प्रोसेसर कळला नाही, पण तीन ओळींची नोंद आणि एकशे एक-एकशे दोनचा कागद कळला. बराच वेळ ते पेन उघडत मिटत राहिले.

“बरं,” शेवटी ते म्हणाले. “कचरूला परत बोलावू. शेठना सांगू, सेन्सर बिघडला होता. तुमचं नावही निघणार नाही आणि माझंही. काय?”

“नको सर.”

“का नको? तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

“सेन्सर रोज पुसायचं काम ड्रायरवाल्याचं आहे. सेन्सर बिघडला म्हटलं की बोट परत मामांकडेच जाईल.”

गिरिधररावांना हे सुचलं नव्हतं. ते खुर्चीत मागे रेलले. “खरंय,” म्हणाले. मग जरा थांबून, “माझी पण चूकच आहे म्हणा. पंधरा मिनिटं ऐकली आणि पुढचं ऐकायचं मी बंद केलं.”

दोघं मिळून शेठकडे गेले. बद्रीनाथशेठ सत्तरीचे, स्वतः शेती केलेले, धोतर नेसणारे. कोंब आलेली गुंडाळी शरयूनं त्यांच्या टेबलावर उलगडली तेव्हा त्यांनी आधी एक दाणा उचलून मूळ पाहिलं. मग तिचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं.

“मॅडम, एक सांगा. असं आजपर्यंत किती वेळा झालं आसंल?”

“रोज होत असणार शेठ. आपल्याला दिसलं फक्त एकदा.”

“हं.” शेठनी दाणा परत ओळीत ठेवला. “पोल्ट्रीची गाडी उद्याची हाय ना? नका बोलावू. चार नंबर लॅबला पाठवा. अन् तुमी लिवून द्या सगळं, मराठीत, मला वाचता येईल असं. तुमच्या पगारवाढीचं औंदा काही बोलू नका.”

ती काही बोलणार नव्हतीच.

रविवारी ती पिंपळगावला निघाली. एस.टी.नंच जाणार होती, पण सकाळी सातला दारात जीप येऊन थांबली. गिरिधरराव स्वतः चालवत होते. “मलाही यायला पाहिजे,” एवढं म्हणाले आणि भोकरदन येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

कचरूचं घर देवळाच्या पलीकडच्या आळीत, दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. तो अंगणात दोर वळत बसला होता. साहेबांना पाहून उठला, घाईनं बाज टाकली, नंदाबाईला पाणी आणायला सांगितलं. त्याची ती लगबग पाहून शरयूला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मामा, बसा ना तुम्ही. मला बोलायचंय.”

तिनं सांगितलं. तांत्रिक शब्द टाळून, पण काही लपवलं नाही. बोगद्याचा आकडा चार नंबरच्या नावावर कसा पडला, ते होऊ नये म्हणून काय करायला हवं होतं, आणि न तपासता सही कशी केली. लॅबची उगवणही काल आली होती, पंच्याण्णव टक्के. बोलताना मध्येच ती थांबली, पाणी प्याली, पुन्हा बोलली.

कचरू खाली मान घालून ऐकत होता. तिचं झाल्यावर त्यानं मान वर केली.

“मॅडम, तुमच्यावर माझा राग न्हाई,” मग तो म्हणाला. “मशीन तुमी बनवलं, चूक व्हती मानसाकडून. माझा राग माझ्यावरच हाय. म्या त्या दिवशी पत्र्याला हात लावला व्हता. गार व्हता. चौदा वर्सं झाली, माझा हात कधी चुकला न्हाई. अन् तुमी कागद दावला तसं म्या कबूल करून टाकलं. कामून केलं म्या कबूल? इतके दिवस हेच इचार करून राह्यलो.”

गिरिधरराव बाजेवरून पुढे सरकले.

“आमी पन दाबून बोललो, कचरू,” गिरिधरराव म्हणाले. “तुला बोलूच दिलं न्हाई.” या दोन वर्षांत शरयूनं त्यांच्या तोंडून गावाकडची बोली पहिल्यांदाच ऐकली. “उद्यापासून ये. हे दिवस भरून देतो. बिलकुल कमी-जास्त न्हाई.”

“येतो,” कचरू म्हणाला. “पन ड्रायरवर न्हाई येत साहेब.”

“का रे?”

“आता झडप फिरवली की डोळा काचंतल्या मशीनकडं जाईल. हातावर भरवसा ऱ्हाईल न ऱ्हाईल. असा मानूस ड्रायरवर नसावा. वाटूरच्या रोडला आपले बियान्याचे प्लॉट हायेत, तिकडं द्या काही काम.”

शरयू म्हणाली, “मामा, आता असं होणार नाही. मी स्वतः तपासलंय.”

“तुमचं मशीन सुदारलं वो मॅडम,” तो समजुतीनं म्हणाला, जणू धीर तिलाच द्यायचा होता. “मी माझं बोलून राह्यलो.”

नंदाबाईनं ताटं वाढली. पिठलं, भाकरी आणि कच्चा कांदा. गिरिधरराव दोन भाकऱ्या जेवले. शरयूला घास गिळवेना, तेव्हा नंदाबाई तिच्या पाटापाशी येऊन बसली. “जेवा,” म्हणाली. “त्या दिवशी तुमी मला पोहे खाऊ घातले तवा माझ्याही घशाखाली उतरत न्हवते. तरी खाल्ले.” शरयू जेवली.

सोमवारी सकाळी शेठनी सगळ्या कामगारांना ड्रायरच्या शेडमध्ये जमवलं आणि शरयूनं लिहून दिलेला कागद तिलाच वाचायला सांगितला. निवडणीवरच्या बायका पुढे बसल्या होत्या. वाचताना तिचे कान तापले. ‘चूक माझी’ हे शब्द कागदावर दोनदा होते आणि दोन्ही वेळा तिनं ते स्वच्छ उच्चारले. वाचून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “मंग कचरूबाबाला आणा ना स्टेजवर!” आणि सगळे हसले. स्टेज नव्हतंच. कचरू दारापाशी उभा होता. तो पुढे गेला, चार नंबरच्या बिनवरची लाल चिठ्ठी नखानं खरवडून काढली, चुरगाळून खिशात घातली आणि शेडबाहेर पडला.

ड्रायरवर कडूबा नावाचा नवा माणूस आला. शरयूनं अहवाल बदलला. सलग तीन नोंदी तेच सांगतील तरच आकडा अहवालात जाईल असं केलं आणि खाली मूळ नोंदीची पानं जोडायला लागली. गिरिधरराव ती पानं वाचत. कधी कधी पेन्सिलीनं खुणा करून तिला विचारायला येत.

ऑगस्टमध्ये वाटूरच्या प्लॉटवर शेतकरी मेळावा होता. शरयूला त्याच्याशी काही काम नव्हतं, तरी ती कंपनीच्या जीपमध्ये बसून गेली. मका पुरुषभर उंच झाला होता. पंचवीस-तीस शेतकऱ्यांच्या घोळक्यात कचरू उभा होता, हातात सोललेलं कणीस, आणि दाण्याच्या ओळी दाखवत मोठमोठ्यानं बोलत होता. इतकं बोलताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. बांधाच्या टोकाला ती घुटमळली. जवळ जावं की नाही, तिला कळेना.

त्यानंच तिला पाहिलं.

“मॅडम, तिकडून नका येऊ, लई चिखल हाय!” तो ओरडला. “चपला हातात घ्या अन् या डाव्या अंगानं या.”

आणि ती चपला काढेपर्यंत तो पुन्हा शेतकऱ्यांकडे वळला. एका म्हाताऱ्यानं काहीतरी अवघड विचारलं होतं, त्याचं उत्तर अर्धं राहिलं होतं.